झोपेत अडणारा श्वास आणि सरकारी दवाखान्याची वाट

"तुह्या बाबाचा श्वास मधातच थांबते वं. मी हलवतो त सुरू होते."

आईने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी वर्ध्याला भाजी निवडत होते. मी म्हटलं, अगं, घोरतात ते पहिल्यापासूनच. ती म्हणाली, घोरणं वेगळं आणि हे वेगळं. घोरता घोरता एकदम सगळं शांत होतं, छाती हलते पण हवा जात नाही, आणि मग धपापून, बुडता माणूस वर यावा तसा श्वास येतो. ती दोन वर्षं रात्री उठून त्यांना हलवत होती आणि आम्हा कोणालाच त्याचा पत्ता नव्हता. उन्हाळ्यात तर तिलाही कळायचं नाही, कारण कूलरच्या आवाजात सगळं बुडून जायचं.

बाबा अंगाने सडपातळ. दारव्हा तालुक्यात कापूस-तुरीची शेती, दिवसभर राबणं. त्यामुळे झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, त्यांना असेल असं कोणालाही वाटलं नाही. थकवा म्हणून एकाने टॉनिक दिलं, दुसऱ्या खासगी दवाखान्यात दम्याचा पंप दिला. बीपीच्या दोन गोळ्या सुरू असूनही बीपी खाली येत नव्हतं. शेवटी बाजारातून परतताना चालत्या मोटरसायकलवर त्यांना डुलकी लागली आणि ते नालीत गेले. हात मोडला, जीव वाचला. तिथून योग्य तपासणी होऊन झोपेत लावायचं मशीन घरी यायला आम्हाला वर्ष लागलं. निम्मा वेळ चुकीच्या खिडकीत गेला. तुमचा जाऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी नेमकं काय होतं ते. ओलिताच्या शेतात गुंडाळी करून ठेवतो तो चपटा पाईप आठवा. मोटार सुरू असली की पाण्याच्या दाबाने तो गोल राहतो, बंद झाली की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. आपल्या जिभेमागचा घसा असाच मऊ आहे. जागेपणी तिथले स्नायू तो उघडा धरतात, झोपेत ते सैल पडतात. ज्यांचा घसा मुळातच अरुंद असतो त्यांचा मार्ग झोपेत पूर्ण मिटतो. छाती ओढत राहते, हवा आत येत नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, आणि मेंदू घाबरून माणसाला क्षणभर जागं करतो. स्नायू ताठ होतात, श्वास सुरू होतो, माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. असं रात्रीत शेकडो वेळा होऊ शकतं. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की डॉक्टर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, आणि या आजाराला स्लीप अ‍ॅप्निया.

दर वेळी जाग येताना शरीर धोक्याच्या वेळी येतं तसं ताणात येतं, बीपी उसळतं. हे वर्षानुवर्षं चाललं की गोळ्यांनी न उतरणारं बीपी, हृदयाचे बिघडलेले ठोके, लकवा, साखर, हे सगळं त्याच्या आसपास दिसू लागतं. दिवसा झोप येते ती आळसाची नव्हे. त्या माणसाला रात्री खरी झोप मिळालेलीच नसते. टिप्पर, ट्रॅक्टर, कापसाचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला हा आजार असेल तर धोका त्याच्या एकट्याचा राहत नाही.

जाड माणसांत हे जास्त दिसतं, यात शंका नाही. पण जबड्याची ठेवण लहान असली, जीभ मागे पडत असली, नाकाचं हाड वाकडं असलं, थायरॉइड मंदावलं असलं, तरी बारीक माणसालाही होतं. रात्री दारू घेतली की घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. मोहाची असो की दुकानातली, फरक नाही. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. घोरणाऱ्या माणसाने त्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नयेत.

घरच्या घरी अंदाज घ्यायला डॉक्टर आठ प्रश्न वापरतात. दार लावलं तरी बाहेर ऐकू जाईल असं घोरणं आहे का, दिवसा थकवा किंवा झोप येते का, कोणी श्वास थांबताना पाहिलंय का, बीपी आहे का, वजन उंचीच्या मानाने फार जास्त आहे का, वय पन्नाशीच्या पुढे आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आहे का, आणि रुग्ण पुरुष आहे का. शिंप्याच्या टेपने गळा मोजता येतो. तीन किंवा जास्त उत्तरं 'हो' आली तर दवाखान्यात जायला हवं, पाच किंवा जास्त आली तर शंका दाट. बाबांची पाच आली, बारीक असूनही. बायकांचा एक गुण मुळातच कमी धरला जातो, आणि त्या स्वतःच्या घोरण्याबद्दल बोलायला लाजतात, म्हणून त्यांचा आजार जास्त लपतो. पाळी गेल्यानंतर त्यांच्यात हे वाढतं.

आता वाट. सुरुवात गावच्या उपकेंद्रातून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून करा, थेट नागपूर गाठू नका. तिथे बीपी, साखर, वजन मोफत होतं आणि मुख्य म्हणजे पुढची संदर्भ चिठ्ठी मिळते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत, केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत पैसे लागत नाहीत. प्रवासाआधी एकदा विचारून घ्यायचं असेल तर सरकारच्या ई-संजीवनी या सेवेवरून डॉक्टरांशी फोनवर मोफत बोलता येतं. मोबाइलवर जमत नसेल तर उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी जोडून देतात.

एक काम घरून करून न्या. रुग्ण झोपलेला असताना मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, घोरणं, थांबणं आणि धपापून श्वास येणं असं सगळं त्यात येईल असा. डॉक्टरांना तोंडी सांगितलं की ते घोरण्यावर जातं. आमच्या आईचं म्हणणं तीन ठिकाणी कोणी मनावर घेतलं नाही, पण व्हिडिओ पाहिल्यावर चौथ्या डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. सोबत रात्री शेजारी झोपणारं माणूस असायलाच हवं. रुग्ण एकटा गेला तर तो "मला काही होत नाही" एवढंच सांगून येतो. बायकांना एसटीचं तिकीट मार्च २०२३ पासून निम्मं आहे, तेव्हा आईला सोबत नेताना भाड्याचा विचार फार करावा लागत नाही.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कोविडपासून बऱ्याच घरांत पडलं आहे. दिवसा ते ९७-९८ दाखवतं म्हणून हा आजार नाही, असं समजू नका. दिवसा ते तसंच दाखवणार. बिघाड रात्रीचा आहे.

जिल्हा रुग्णालयातून पुढची चिठ्ठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची होते. विदर्भात नागपूरचं मेडिकल आणि मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया ही महाविद्यालयं आहेत, शिवाय नागपूरच्या मिहानमधलं एम्स आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. चिठ्ठी श्वसनरोग विभागाच्या नावाची मागा, तोच छातीचा विभाग. गरज पडली तर ते कान-नाक-घसा विभागाला पाठवतील. वैद्यकीय महाविद्यालयं वेगळ्या खात्याखाली येत असल्याने तिथे ठरावीक सरकारी दराने शुल्क लागतं. पिवळं रेशन कार्ड असेल तर ते पहिल्याच खिडकीत दाखवा.

तिथे होते ती झोपेची तपासणी, स्लीप स्टडी. तिचे दोन प्रकार आहेत. एकात रुग्ण दवाखान्यात रात्रभर झोपतो. डोक्याला, हनुवटीला, छातीला, पायाला वायरी लावून मेंदूच्या लहरींपासून श्वासापर्यंत सगळं नोंदवतात. दुसऱ्यात छोटं यंत्र देतात, नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. शंका दाट असेल आणि हृदयाचा, फुप्फुसाचा मोठा आजार नसेल तर दुसरी पुरते. जाण्याआधी चिठ्ठी घेऊन विभागात तारीख विचारा, यंत्र एकच असलं तर यादी लांब असते. अपघात झाला असेल, रुग्ण वाहन चालवत असेल, तर ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा, कारण यादीत पुढे सरकायला तोच आधार असतो.

रिपोर्टवर पुष्कळ आकडे असतात, पण तुम्हाला पाहायचा आहे एकच, एएचआय. तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा अर्धवट झाला, त्याचा हा आकडा. ५ पेक्षा कमी ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० किंवा वर तीव्र. बाबांचा ४६ आला. म्हणजे सरासरी सव्वा मिनिटाला एकदा. मी तो कागद घेऊन जिन्यात बसले आणि दोन वर्षं रात्री उठणारी आई मला आठवली. हा रिपोर्ट म्हणजे पुढच्या प्रत्येक दाराची चावी आहे. त्याच्या चार झेरॉक्स काढा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा.

मशीनच्या बाबतीत गावागावात मोठा घोळ आहे, म्हणून इथे जरा थांबते. कोविडच्या काळात प्रत्येकाने ऑक्सिजनचं मशीन पाहिलं. त्यामुळे 'श्वासाचं मशीन' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं, आणि कोणी भला माणूस तेच आणून देतो. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतल्या हवेतला नायट्रोजन गाळून ऑक्सिजनचं प्रमाण वाढवतं. पण पाईपच मिटलेला असेल तर त्यातून ऑक्सिजन जाणार कुठून? स्लीप अ‍ॅप्नियात लागतं ते सीपॅप. ते ऑक्सिजन बनवत नाही; खोलीतलीच साधी हवा हलक्या दाबाने मास्कमधून घशात ढकलतं, आणि मोटारीने चपटा पाईप गोल राहावा तसा घसा उघडा राहतो. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी पाच रुग्णांवर हे करून दाखवलं. त्याआधी तीव्र आजारात गळ्याला भोक पाडण्यावाचून खात्रीचा उपाय नव्हता.

तिसरं बायपॅप. त्यात दोन दाब असतात, श्वास घेताना जास्त, सोडताना कमी. ज्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो त्यांना ते लागतं. उदाहरणार्थ, आयुष्यभर चुलीच्या धुराने किंवा बिडीने फुप्फुसं निकामी झालेले, किंवा फारच जाड रुग्ण. अशा माणसाला डॉक्टरांना न विचारता घरी जोरात ऑक्सिजन लावला तर कार्बन डायऑक्साइड आणखी साठून गुंगी येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. आणि वाफ घ्यायचं नेब्युलायझर या तिन्हींहून वेगळं; ते औषध फुप्फुसात नेतं, एवढंच. चिठ्ठीवर यंत्राचं नेमकं नाव, दाब किती आणि मास्क कोणता, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सीपॅपचा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतका असतो, आणि तो प्रत्येकाचा वेगळा.

सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचा. तपासणीपर्यंत सरकारी वाट बऱ्यापैकी जाते. घरी वापरायच्या मशीनपाशी ती तुटते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल सगळ्यांनाच आशा असते. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यांत आपले अमरावती आणि गडचिरोली होते. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ती बांधलेली आहे दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांभोवती. रुग्ण श्वास कोंडून अत्यवस्थ झाला, अतिदक्षता विभागात गेला, तर तिचा आधार होतो. घरी न्यायचं मशीन तिच्यातून मिळेल या भरवशावर बसू नका. तरी रुग्णालयात या योजनेच्या मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला रिपोर्ट दाखवून विचाराच, किंवा १५५३८८ वर फोन करा.

हे मला मनापासून चुकीचं वाटतं. लकवा झाल्यावर लाखोंचा खर्च शासन उचलतं, आणि लकवा टाळू शकणाऱ्या यंत्राच्या वेळी मात्र माणूस एकटा पडतो. क्षयरोगाच्या गोळ्या जशा घरपोच येतात, तसं सीपॅप जिल्हा रुग्णालयातून उसनं मिळायला हवं. ही मागणी ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत करायची गोष्ट आहे.

तोवर जी दारं आहेत ती ठोठावावी लागतात. नवं मशीन साधारण ३० ते ६० हजारांच्या आसपास पडतं, मास्क वेगळा. आधी घरात कोणी नोकरीत आहे का ते पाहा. केंद्र सरकारी कर्मचारी व निवृत्तांना सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून आणि माजी सैनिकांना ईसीएचएस या त्यांच्या योजनेतून सीपॅप, बायपॅप मिळण्याची तरतूद आहे, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही. फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी जण गावात आहेत ज्यांना हे ठाऊकच नाही. बुटीबोरीसारख्या एमआयडीसीत काम करणाऱ्याचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असतं. तिथल्या दवाखान्यात रिपोर्टसह अर्ज द्या. राज्य सरकारी नोकर आणि शिक्षकांनी खर्चाच्या प्रतिपूर्तीसाठी, मशीन घेण्याआधीच, कार्यालयात लेखी विचारावं. आधी खरेदी आणि मग परवानगी असं झालं की फाईल अडते.

यातलं काहीच नसेल, जसं आमचं नव्हतं, तर वैद्यकीय महाविद्यालयातल्या समाजसेवा अधीक्षकांची खोली शोधा. हे पद रुग्ण आणि मदत यांची गाठ घालून देण्यासाठीच आहे. कोणती संस्था यंत्र देते, कोण मास्कचा खर्च उचलतं, कोणाचं वापरलेलं मशीन परत आलं आहे, हे त्यांना माहीत असतं. आम्ही आठ महिने ओपीडीच्या रांगेत उभे होतो आणि त्या खोलीच्या दारावरून रोज जात होतो. जाताना आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, स्लीप स्टडीचा रिपोर्ट आणि यंत्राची चिठ्ठी सोबत ठेवा. उत्पन्नाचा दाखला सेतूतून मिळायला दिवस जातात, तेव्हा तो तपासणीची तारीख लागल्याबरोबर काढून ठेवा. धर्मादाय रुग्णालयातही त्याचा उपयोग होतो: वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर राखीव १० टक्के खाटांवर मोफत, आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर आणखी १० टक्के खाटांवर सवलतीत उपचार द्यावे लागतात.

जुनं मशीन विकत घेत असाल तर त्याचा नंबर पाहून घ्या. फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आपली बरीच सीपॅप आणि बायपॅप मशीनं परत बोलावली होती. आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येण्याचा धोका होता. अशी मशीनं स्वस्तात फिरत असतील तर घेऊ नका. आणि दुसऱ्याचा मास्क कधीच वापरू नका.

मशीन घरी आलं म्हणजे काम झालं असं नाही. पहिले पंधरा दिवस बाबा मध्यरात्री मास्क काढून फेकायचे. "बैलाले मुसकं घातल्यासारखं वाट्टे," म्हणायचे. आईनेच युक्ती काढली. संध्याकाळी टीव्हीसमोर बसल्या बसल्या अर्धा तास मास्क लावायचा, झोपायचं नाही, फक्त सवय. मग दुपारच्या झोपेत, मग रात्री. रोज किमान चार तास तरी लावला पाहिजे, असं डॉक्टर सांगतात; पूर्ण झोपेभर लावला तर उत्तमच. हवा डोळ्याकडे फुसफुसत असेल तर पट्टे आवळत बसू नका, मास्कचं माप चुकलं आहे. मिशी असली तरी मास्क बसतो, माप नीट घ्यायला हवं.

वीज गेली तर गुदमरू का, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. नाही. मास्कला श्वास सोडायची भोकं असतात, तोंडावरच्या मोठ्या मास्कला वीज गेल्यावर उघडणारा पडदा असतो, शिवाय जाग येते आणि माणूस तो काढतो. हवा ओली करणारी गरम टाकी बंद ठेवली तर मशीन पंख्याइतकीच वीज घेतं, तेव्हा साधा इन्व्हर्टर रात्र काढतो. त्या टाकीत बोअरचं पाणी घालू नका, क्षारांचा पांढरा थर धरतो. डिस्टिल्ड पाणीच घाला. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत धूळ फार, तेव्हा फिल्टर दर आठवड्याला पाहा. मशीन जमिनीवर ठेवू नका आणि कूलरच्या फवाऱ्यासमोर तर नकोच.

सौम्य आजार असेल तर मशीनशिवायही बराच फरक पडतो. उताणं न झोपता कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद, बिडी बंद, वजन असेल तर उतरवणं. उताणं वळायची सवय मोडायला बंडीच्या पाठीला कापडी चेंडू शिवून टाकतात, ते खरंच कामाचं आहे.

मुलांचं थोडं वेगळं. तोंड उघडं टाकून झोपणारं, घोरणारं, झोपेत घामाघूम होणारं, शाळेत चिडचिड करणारं पोर असेल तर बहुधा टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी वाढलेल्या असतात, आणि त्या काढल्या की बहुतेक मुलं सुधारतात, मशीन लागतच नाही. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं तेव्हा गुरुजींना किंवा बाईंना आधी सांगून ठेवा. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. सिकलसेलचं मूल घोरत असेल तर थांबू नका. रात्री ऑक्सिजन उतरणं त्या मुलांना जास्त महागात पडतं. सिकलसेलचं कार्ड दाखवून डॉक्टरांना घोरण्याबद्दल मुद्दाम सांगा.

बाबांना मशीन लावून आता सव्वा वर्ष झालं. बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. दर सहा महिन्यांनी ते मशीन पिशवीत घालून तपासणीला नेतात, कारण रोज किती तास वापरलं आणि श्वास किती वेळा अडला याची नोंद मशीनमध्येच असते आणि डॉक्टर त्यावरून दाब बदलतात. ते मशीन आम्हाला समाजसेवा अधीक्षकांमार्फत एका कुटुंबाकडून मिळालं. त्यांच्या घरचं माणूस गेलं होतं आणि मशीन कपाटात पडून राहू नये म्हणून त्यांनी ते परत आणून दिलं होतं. तुमच्याही घरी असं मशीन बंद पडून असेल तर ते भंगारात किंवा ओळखीच्याला देऊ नका. वायर, अडॉप्टर आणि माहितीपुस्तिकेसह जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात समाजसेवा अधीक्षकांकडे किंवा श्वसनरोग विभागात नेऊन द्या. मास्क आणि नळी तेवढी नवी घालावी लागते.